एका पोत्याचा हिशेब

संगणकाविषयी मी लिहावे, याचे आमच्या सदराच्या जुन्या वाचकांना नवल वाटेल. मोबाईलवर साधा निरोप धाडायचा तर शेजारच्या मुलाला हाक मारणारा मी माणूस! पण गोष्ट घरात घडली, आणि तिच्यात एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न होता. तेव्हा लिहिणे भाग आहे.

गेल्या चैत्रात वसमत तालुक्यात थोरल्या भावाकडे गेलो होतो. हळदीचे दिवस सरत आले होते. आमच्या तिन्ही घरांची हळद एकाच ठिकाणी शिजते, एकाच खळ्यावर वाळते आणि एकाच ड्रममध्ये पॉलिश होते. पोती मात्र वेगळी. थोरल्या घराच्या पोत्यांवर ‘थ’, मधल्याच्या पोत्यांवर ‘म’ आणि माझ्या वाटणीच्या पोत्यांवर ‘धा’, अशी खूण आणि पुढे आकडा. आकडे सलग असतील म्हणावे, तर तेही नाही. पोते फाटते, दुसऱ्यात भरले जाते, मधला आकडा गळतो. ही सगळी नोंद दादा स्वतः वहीत करतात आणि त्या वहीवर त्यांचा पोथीइतका विश्वास.

त्या दिवशी माल मोंढ्यावर गेला. बरोबर आमचा सालगडी होता. घरात सगळे त्याला मामा म्हणतात. पंधरा वर्षे झाली त्याला आमच्याकडे. संध्याकाळी मापाड्याची यादी घेऊन तो परतला. यादीत पोती २१४. दादांच्या वहीत २१५.

दादा काही बोलले नाहीत. मामाकडे नुसते पाहिले. पण ते पाहणे असे होते की मामाने डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि तो ओट्यावर जाऊन बसला. वहिनींनी जेवायला बोलावले, तरी उठला नाही.

मी आणि दादा वही व यादी घेऊन बसलो. मोंढ्यावर पोती उतरतील तशी मोजली गेलेली. वहीत भरली तशी लिहिलेली. ‘थ-१२’ शोधायला सबंध यादी चाळावी, तोवर ‘म-७’ कुठवर आलो होतो तेच विसरावे. दोनदा ताळा केला, दोन्ही वेळा निराळे उत्तर! त्यात अवकाळी पाऊस आला, वीज गेली आणि मोबाईलचा टॉवरही मुका झाला.

तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, मी पाहू का?”

हा पुतण्या म्हणजे आमच्या घरातला शास्त्रज्ञ. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा व्हायची आहे. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या, आणि २०२३ साली केंद्र सरकारने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून या मुलाने तिथेच नोकरी करायची असे ठरवून टाकले आहे. त्यासाठी युनिक्स जातीची प्रणाली यायला हवी, असे कोणीतरी त्याला सांगितले. म्हणून भंगारात जायच्या लायकीचा एक लॅपटॉप आणून त्यावर त्याने ‘ओपनबीएसडी’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली चढवली आहे. दादांच्या मते हा वेळेचा अपव्यय. खरे सांगायचे तर त्या रात्रीपर्यंत माझ्याही मते.

बॅटरीवर तो लॅपटॉप सुरू झाला. तासभर मी वाचत गेलो आणि त्याने दोन्ही याद्या आत घातल्या. मग तो थबकला. “दोन याद्या ताडून पाहणारी आज्ञा नक्की आहे, पण तिचे नाव मला ठाऊक नाही,” म्हणाला.

“मग इंटरनेटवर विचार.”

“इंटरनेट कुठे आहे, काका? पण पुस्तक आतच आहे.”

वाचकहो, हे आतले पुस्तक म्हणजे काय ते मला त्या रात्री समजले. युनिक्सचा जन्म अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या तिथल्या दोघांनी आपल्या प्रणालीची पहिली पुस्तिका काढली, तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला एक पान. वर नाव, मग ती वापरायची कशी, मग ती करते काय, आणि खाली, मला फार आवडलेला भाग, ‘दोष’! आपल्या मालात काय उणे आहे ते करणाऱ्यानेच लिहून ठेवायचे. त्याखाली जबाबदार कोण तेही. आमच्याकडे खताच्या पोत्यावर असे काही छापल्याचे अजून कोणी पाहिलेले नाही.

ही पाने तेव्हापासून आजवर संगणकातच राहतात. मात्र ती खुणांच्या भाषेत लिहिलेली कच्ची पाने असतात. त्यांची ओळी-परिच्छेद लावून वाचण्याजोगी मांडणी करायला वेगळा कारागीर लागतो. पुष्कळ वर्षे हे काम ‘ग्रॉफ’ नावाचा कार्यक्रम करी. तो मोठा गुणी, पण पुस्तकेच्या पुस्तके जुळवायच्या तयारीचा. चार ओळींचे पान दाखवायलाही सगळा संसार मांडून बसणारा. २००८ साली क्रिस्टाप्स जॉन्सन्स यांनी फक्त या पानांपुरता एक सुटसुटीत कार्यक्रम लिहायला घेतला. त्याचे नाव मॅनडॉक. पुढे इंगो श्वार्त्से नावाच्या जर्मन गृहस्थांनी तो वर्षानुवर्षे सांभाळला. ओपनबीएसडीने २०१० साली ग्रॉफला आपल्या मूळ संचातून निरोप दिला आणि ही पाने मॅनडॉकवर सोपवली. नंतर फ्रीबीएसडी, अल्पाइन, व्हॉइड यांनी तोच घेतला. अ‍ॅपल कंपनीच्या २०२२च्या मॅक प्रणालीतही तोच आला. हे सारे फुकट, आणि उघडे. आतला मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा.

पण नाव ठाऊक नसेल तर पान काढायचे कसे? आमची आजी नरसीच्या वारीला जाई. तिला अक्षरओळख नव्हती. नामदेवांच्या गाथेला मागे सूची असते, पण ती पहिल्या चरणाची. पहिला चरणच आठवला नाही तर सूची काय कामाची? अशा वेळी लोक आजीकडे येत. “त्यात काहीतरी गरुडाचे आहे बघा,” एवढे म्हटले की ती अभंग म्हणून दाखवी. मॅनडॉकने आजीची ही विद्या केली आहे. तो सगळ्या पानांची सूची आधीच करून ठेवतो, आणि ‘अप्रोपोज’ म्हणून एखादा शब्द दिला की ज्यांच्या नावात वा एका ओळीच्या वर्णनात तो शब्द आहे, ती पाने समोर मांडतो. बारकाईने विचाराल तर केवळ लेखकाच्या नावातही शोधतो.

पुतण्याने तुलनेचा इंग्रजी शब्द दिला. एक आज्ञा निघाली, पण ती पहिला फरक कुठे पडतो एवढेच सांगणारी. मग त्याने ‘समाईक’ या अर्थाचा शब्द दिला. चार-सहा ओळी आल्या, त्यात ‘कॉम’. दोन याद्यांतल्या समाईक ओळी निवडणारी.

आज्ञा दिली, आणि पडद्यावर नुसता गोंधळ! अर्ध्या ओळी इकडे, अर्ध्या तिकडे. दादा म्हणाले, “झालं? मला वाटलंच होतं.”

पुतण्या पानाकडे परतला. मराठी शाळेत शिकलेला मुलगा; इंग्रजी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचतो. वाचता वाचता हसला. दोन्ही याद्या आधी अक्षरक्रमाने लावलेल्या हव्यात, असे तिथे पहिल्याच वाक्यात लिहिले होते. अक्षरक्रम म्हणजे शब्दकोशाचा क्रम. त्यात १० हा ९च्या आधी येतो. येईना का! त्याने दोन्ही याद्या लावून घेतल्या आणि पुन्हा आज्ञा दिली.

तीन रकाने आले. पहिला फक्त वहीत असलेल्या ओळींचा, दुसरा फक्त मोंढ्याच्या यादीतल्यांचा, तिसरा दोन्हींतल्यांचा. दुसरा रिकामा. तिसऱ्यात २१४. आणि पहिल्यात एकच ओळ : म-४१.

“म-४१ गेलं म्हणजे,” दादा म्हणाले.

“नाही बाबा. म-४१ तिसऱ्या रकान्यातही आहे. म्हणजे वहीत ते दोन वेळा आहे.”

कंदिलाच्या उजेडात वही उघडली. एका पानाच्या तळाशी म-४१, आणि पान उलटले की माथ्यावर पुन्हा म-४१. मध्ये चहाचा डागही होता. दादांचे अक्षर दोन्हीकडे सारखेच सुबक.

दादा बराच वेळ वही धरून बसले. मग वहिनींना म्हणाले, “दोन ताटं वाढ,” आणि स्वतः ओट्यावर गेले. बाहेर काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही; पाऊस पत्र्यावर वाजत होता. थोड्या वेळाने दोघे आत आले आणि शेजारी शेजारी बसून जेवले. मामाने फक्त एक विचारले, “त्या मशिनीनं सांगितलं नसतं तर, मालक?” दादांनी भाकरी मोडली, उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी वीज आली. वहिनींनी पुतण्याला विचारले, “एवढं चांगलं पुस्तक, मग ते मराठीत का नाही?” प्रश्न अगदी रास्त. मॅनडॉकला देवनागरीचे वावडे नाही. पाने लिहायला माणसे हवीत.

परवा पुतण्याचे पत्र आले. हळदीच्या याद्या लावून ताडणारी एक छोटी आज्ञा त्याने घरापुरती केली आहे आणि तिचे पान मराठीत लिहिले आहे. त्याची प्रतही सोबत होती. नाव, वापर, वर्णन, सगळे शिस्तीत. तळाशी ‘दोष’ या मथळ्याखाली एकच ओळ : वहीचे पान उलटताना शेवटची नोंद दोनदा होऊ शकते. आणि त्याखाली, जबाबदार म्हणून, दादांनी आपल्या हाताने सही केली आहे.