नवख्याला रेयना नको, ब्रिमस्टोन द्या

नाशिकमध्ये कॉलेज रोडला, सिडकोत किंवा इंदिरानगरला एखाद्या गेमिंग कॅफेत नवा मुलगा व्हॅलोरंट खेळायला बसला की शेजारच्या खुर्चीवरून सल्ला येतो : "भाऊ, रेयना घे. डोकं लावायचं नाही, दिसला की उडवायचा." रेयना हे त्या खेळातले एक पात्र. सल्ला देणारा मनापासून देतो. ऐकणाऱ्यालाही तो पटतो, कारण नवख्याला सोपे काहीतरी हवेच असते. पण हा सल्ला साफ चुकीचा आहे. कितीतरी मुलांचा पहिला महिना तो वाया घालवतो आणि काहींना खेळातूनच उठवतो.

नेम असला की झाले, हा समज आला कुठून, ते आधी पाहायला हवे. सायबर कॅफेच्या काळात पोरे काउंटर-स्ट्राइक खेळत. त्यात सगळे खेळाडू सारखेच, फरक फक्त हातातल्या बंदुकीचा आणि नेमाचा. पुढे मोबाइलवर पबजी आला, २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला. तिथेही पात्र म्हणजे फक्त कपडे आणि चेहरा. अशा खेळांवर हात बसलेल्या पिढीने नेमबाजी हेच सर्वस्व मानले तर त्यात नवल नाही.

रायट गेम्सचा व्हॅलोरंट २ जून २०२० रोजी बाजारात आला तो मात्र वेगळ्या पायावर. पाच विरुद्ध पाच, १२ राउंडनंतर बाजू बदलायची आणि आधी १३ राउंड जिंकेल त्याचा सामना. इथवर सारे ओळखीचे. पण इथे प्रत्येक एजंटकडे स्वतःची कौशल्ये असतात आणि एजंटांचे चार वर्ग आहेत. ड्युएलिस्ट आधी घुसतो, इनिशिएटर वाट मोकळी करतो, कंट्रोलर धुराने शत्रूची नजर अडवतो आणि सेंटिनल पाठ राखतो. कोणाला निवडायचे हा प्रश्न त्यामुळे आवडीपुरता राहत नाही. संघात आपले काम काय, हे त्या निवडीनेच ठरते.

रेयनाच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. व्हॅन्डल या रायफलची एक गोळी डोक्यात बसली की कितीही लांबून १६० इजा होते. पूर्ण आरोग्य १०० आणि भारी चिलखत ५० धरले तरी समोरचा १५०वरच संपतो. म्हणजे नेम पक्का असेल तर एका गोळीत काम होते. मग नवख्याने आधी नेमच शिकावा, कौशल्यांचा गुंता नसलेला एजंट घ्यावा, असे म्हणणाऱ्याचे काय चुकले?

चुकले ते रेयनाला साधी समजण्यात. तिचे डिव्हावर हे कौशल्य तिचे आरोग्य भरून काढते आणि डिसमिस तिला काही क्षण गोळ्यांपासून वाचवते. दोन्हींना शत्रूच्या मृत्यूनंतर उरणारा गोळा लागतो आणि तो जेमतेम तीन सेकंद टिकतो. शत्रूच मेला नाही तर दोन्ही बटणे निकामी. हातात उरतो तो फक्त शत्रूची नजर धूसर करणारा डोळा. जिंकणाऱ्याला आणखी बळ आणि हरणाऱ्याला काहीच नाही, अशीच तिची रचना आहे. पहिल्या आठवड्यात बहुतेक चकमकी हरणार हे ज्याच्याबाबतीत ठरलेलेच आहे, त्याच्या हाती नेमका हाच एजंट द्यायचा? शिवाय नव्या खात्यावर ब्रिमस्टोन, जेट, फिनिक्स, सेज आणि सोव्हा हे पाच एजंट मोफत मिळतात. त्यांत रेयना नाही. म्हणजे नवखा तिला मुद्दाम मिळवतो, तेही स्वतःच्या तोट्यासाठी.

जेटचेही तेच. तिची झेप दिसते झकास. पण एप्रिल २०२२ च्या बदलानंतर ती आधी तयार ठेवावी लागते आणि मग थोड्याच अवधीत वापरावी लागते. घुसायच्या आधीच निसटायचा विचार करून ठेवणे ज्याला जमते, त्याच्यासाठी ती आहे. ज्याला नकाशावरची वळणे अजून पाठ नाहीत, तो झेप घेऊन थेट तीन बंदुकांसमोर जाऊन उभा राहतो.

आणि नेम शिकायलाच हवा, तर त्यासाठी डेथमॅच आहे. तिथे कौशल्ये चालत नाहीत, मेलो तरी लगेच पुन्हा उभे राहता येते आणि आपल्या चुकीने कोणाचा राउंड जात नाही. कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला तासाभरात एखाद-दुसराच पूर्ण सामना येतो. त्यातला निम्मा वेळ मरून दुसऱ्याचा खेळ पाहण्यात घालवणे हा नेम शिकायचा सर्वांत महागडा मार्ग झाला.

आणखी दोन समज निकालात काढायला हवेत. एक, जे फुकट ते सोपे. सोव्हा पहिल्या पाचांत आहे, पण त्याचा टेहळणीचा बाण किती ताणायचा, भिंतीवर किती वेळा उडवायचा आणि कुठल्या कोपऱ्यात उभे राहून सोडायचा, हे नकाशागणिक पाठ करावे लागते. दुसरा समज भावनेचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हार्बर आला. त्याचे नाव वरुण बत्रा आणि तो मुंबईचा. पुढे २०२३ च्या जानेवारीत आलेला लोटस हा नकाशाही भारतातल्या पश्चिम घाटात कल्पिलेला आहे. आपल्या सह्याद्रीत आपल्या माणसाला घेऊन खेळावे, असे नाशिकच्या पोराला वाटणे अगदी साहजिक. पण हार्बरची पाण्याची लांब भिंत वळवत नेऊन नेमक्या जागी बसवायची तर नकाशा तळहातासारखा ओळखीचा लागतो. त्याच्याबद्दलचे प्रेम असू द्यावे, त्याला हाती घेणे मात्र दोन महिने पुढे ढकलावे.

मग नवख्याने घ्यावे कोणाला? कसोटी एकच असावी : चकमक हरल्यावरही ज्याचे केलेले काम शिल्लक राहते, तो एजंट नवख्याचा. बटणे किती सोपी, याला त्यानंतरचे स्थान.

या कसोटीवर पहिला क्रमांक ब्रिमस्टोनचा. असेंट नकाशावरचा एक राउंड पाहा. संघाला ए साइटवर, म्हणजे स्पाईक हा बॉम्ब लावायच्या जागी, घुसायचे आहे. वर 'हेवन'मधून शत्रू खाली नेम धरून बसलेला असतो आणि बाजूला 'ट्री'कडून दुसरा डोकावतो. ब्रिमस्टोन मागे आडोशाला थांबतो, हातातला नकाशा उघडतो, हेवनवर एक आणि ट्रीच्या तोंडाशी एक अशी दोन ठिकाणे टिपतो आणि बटण दाबतो. आकाशातून धूर उतरतो आणि सुमारे १९ सेकंद टिकतो. तेवढ्यात चौघे आत शिरतात. ब्रिमस्टोनने अजून एकही गोळी झाडलेली नाही आणि निम्मा राउंड त्याने सोपा केला आहे. पुढच्या क्षणी तो मेला तरी धूर जागेवरच राहतो.

त्याचे काम इथे संपतही नाही. स्पाईक लावायला चार सेकंद लागतात, लावल्यावर ४५ सेकंदांनी स्फोट होतो आणि ती निकामी करायला शत्रूला सात सेकंद हवे असतात. निकामी करण्याचा आवाज आला की ब्रिमस्टोन लांबूनच स्पाईकवर आगीचा गोळा टाकतो. शत्रूला उठून बाजूला व्हावेच लागते, आणि निम्मे काम होण्याआधी उठला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कच्च्या नेमाचा मुलगाही असा राउंड जिंकून देतो.

दुसरी किलजॉय, मात्र थोड्या वेगळ्या कारणासाठी. ती पहिल्या पाचांत नाही, पण मिळवायचीच असेल तर रेयनाआधी तिला मिळवावे. तिचा टरेट रस्त्यावर नजर ठेवतो, शत्रू दिसताच स्वतः गोळ्या झाडतो आणि कुठल्या बाजूने कोण आले ते आवाजानेच कळवतो. ती मेली किंवा फार लांब गेली की तिची यंत्रे बंद पडतात, म्हणून जिवंत राहून जागा धरायची शिस्त ती आपोआप लावते. ड्युएलिस्टच खेळायचा हट्ट असेल तर फिनिक्स घ्यावा. त्याची आग त्याचेच आरोग्य भरते, त्याचा डोळे दिपवणारा फ्लॅश कोपऱ्याआडून सहज वळतो आणि अल्टिमेट या त्याच्या सर्वांत मोठ्या कौशल्यादरम्यान मेला तरी तो निघाल्या जागी परत येतो. चूक करून पाहायची एवढी मुभा दुसरा ड्युएलिस्ट क्वचितच देतो.

सेजबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी गैरसमज आहे. "हील दे आणि मागे थांब" एवढ्यावर तिची बोळवण होते आणि गटात मुलगी असली की न विचारता तिच्या गळ्यात सेज मारली जाते. हा दुहेरी अन्याय आहे. सेजची भिंत वेळेवर उभी राहिली तर शत्रूचा अख्खा हल्ला थोपवते, चुकीच्या जागी पडली तर आपल्याच चौघांना कोंडते. मेलेल्या साथीदाराला उठवायचे ते कधी आणि कुठे, यात राउंड फिरतो. हे जबाबदारीचे काम आहे. मुलगी म्हणून ते कोणावर लादू नये. रायटने २०२१ मध्ये महिलांसाठी गेम चेंजर्स स्पर्धा सुरू केल्या. त्यांत मुली चारही वर्गांचे एजंट खेळतात.

राहता राहिला सर्वांत बिनतोड वाटणारा आक्षेप : धूर हा संघाचा कणा, तो नवख्याच्या हाती दिला तर पाचही जण बुडतील. हे भय अस्थानी नाही. व्यावसायिक संघ कंट्रोलरशिवाय क्वचितच उतरतात. पण कंट्रोलर सगळे सारखे नसतात. ओमेनला धुराचे अंतर पुढेमागे करत जुळवावे लागते, अ‍ॅस्ट्राला तारे आधी पेरून ठेवावे लागतात, व्हायपरला इंधन पुरवून वापरावे लागते. ब्रिमस्टोनला फक्त नकाशावर जागा टिपायची असते आणि दर साइटला अशा दोन-तीन जागा पाठ झाल्या की काम भागते. शिवाय त्याची चूक सगळ्यांना दिसते. "धूर हात-दोन हात डावीकडे टाक" एवढे सांगितले की पुढच्या राउंडला ती सुधारते. रेयना घेऊन चकमक हरलेल्याला मात्र "नीट मार ना" यापलीकडे सांगण्यासारखे काही नसते. कबड्डीतही नव्या पोराला कोणी पहिल्या चढाईला धाडत नाही. आधी साखळीत उभे करतात आणि शेजारचा त्याचा हात धरतो.

तो हात धरणे हे जुन्या खेळाडूंचे काम आहे. एजंट निवडताना त्यांनीच जेट-रेयना लॉक करून आत घुसावे आणि नवख्याला ब्रिमस्टोन घेऊ द्यावा. स्पर्धात्मक सामने खात्याची २० वी पातळी गाठल्यावरच खुले होतात. तोवरच्या अनरेटेड आणि स्विफ्टप्लेमध्ये त्याला एकेका नकाशावरच्या धुराच्या जागा दाखवाव्यात, बाकी वेळ डेथमॅचला पाठवावे आणि सामना संपल्यावर त्याने किती मारले याआधी त्याचे धूर कुठे पडले ते विचारावे.