बर्फातले घर

दिवाळी अंकात नाताळाचे कौतुक कशाला, असे वाचक विचारतील. विचारोत बापडे! अपराध आमच्या धाकटीचा आहे. ऐन वसुबारसेला, घरात चकलीची भाजणी मळली जात असताना, ती ‘ख्रिसमस इन नॉइझी व्हिलेज’ हे चित्रांचे पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “बाबा, वाचून दाखवा.” हातातले पेपर बाजूला ठेवायला मला निमित्त हवेच होते.

पुस्तक स्वीडनमधले, १९६३ सालचे. लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन. गाव कसले, एका ओळीत तीन घरे! पण त्या तीन घरांतली मुले मिळून आल्याचा वास असलेली बिस्किटे करतात, जंगलातून सूचिपर्णी झाड आणतात. चिमण्यांसाठी धान्याची पेंढी टांगण्याचीही तिकडे रीत आहे. कथानक म्हणाल तर काही नाही. आमच्या वर्गात असली गोष्ट कुणी लिहून आणली असती, तर ‘संघर्ष कुठे आहे?’ असा शेरा मी तांबड्या शाईने मारला असता.

तिकडे हा प्रकार फार. लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन बाईंनी विस्कॉन्सिनच्या रानातला आपला नाताळ १९३२ साली लिहिला, तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. त्यात मुलांना मिळते काय, तर लाल हातमोजे आणि पेपरमिंटची एकेक कांडी. आणि छोट्या लॉराला एक चिंध्यांची बाहुली. एवढ्यावर मुले हरखून जातात. (आमच्याकडे फटाक्यांची यादी पाडव्यापर्यंत वाढतच असते.) लिंडग्रेनबाईही १९०७ साली शेतकऱ्याच्याच घरी जन्मल्या. त्यांच्या वडिलांचे बालपण गेले त्या सेवेडस्टोर्पमध्ये ती तीन घरे अजून उभी आहेत, आणि लोक ती मुद्दाम पाहायला जातात.

पाने उलटता उलटता धाकटी थबकली. “बाबा, या चित्रांत कुणीच रडत कसं नाही?”

प्रश्न मोठा होता. ती चित्रे इलॉन विकलंड या बाईंची. जन्म एस्टोनियातला, १९३० चा. हापसालू नावाच्या समुद्राकाठच्या गावी त्या आजीआजोबांजवळ राहत होत्या. १९४४ साली युद्धाच्या धुमाळीत, चौदाव्या वर्षी, निर्वासित म्हणून बोटीने स्वीडनला आल्या. १९५३ साली काम मागायला प्रकाशकाकडे गेल्या, तिथे लिंडग्रेनबाईंची गाठ पडली, आणि पुढे जन्मभर त्यांच्या गोष्टींना चित्रे काढली. ही घरे, हा बर्फ, दिव्याचा हा उजेड, सारे त्या मुलीच्या हातचे.

हे मी सांगितले खरे, पण आठ वर्षांच्या पोरीला सांगावे की नाही, याचा निकाल सांगून झाल्यावरही लागेना. सौ. दारातून माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती.

धाकटी पुन्हा पहिल्या पानावर गेली. एकेका मुलाच्या तोंडावर बोट ठेवून नीट निरखू लागली. मग हळूच म्हणाली, “मग तिचं खरं घर?”

“त्या हापसालूत आता तिच्या चित्रांचं दालन आहे. मुलं बघायला जातात.”

“आणि आजी?”

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. चकलीचा पहिला घाणा निघाला होता. धाकटी जागची हलली नाही.