करंट आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी का चालू होत नाही?

जुनी गाडी इंजिन बांधून आली आणि चालू होईना, की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. आधी बॅटरी बदला. मग प्लग. मग कॉइल. मग कुणीतरी सांगतं, कार्बोरेटरच गेलाय. असे पाच-सहा हजार उडाले की मिस्त्री मान हलवून म्हणतो, "साहेब, आता हिच्यात दम नाही, देऊन टाका."

माझं स्पष्ट मत सांगतो. हा सगळा कार्यक्रम बिनडोक आहे. गाडी गॅरेजपर्यंत धूर सोडत का होईना, स्वतः चालत गेली होती ना? मग त्या दिवशी कॉइल धड होती, कार्बोरेटरही धड होता. आम्ही आयटीवाले निदान एवढ्या बाबतीत शहाणे असतो. शुक्रवारी नवा कोड चढवला आणि शनिवारी सिस्टिम झोपली, तर कोणी नवा सर्व्हर आणायला धावत नाही. काल कुठे हात लावला, ते आधी बघतात.

उदाहरण अंबरनाथचं आहे. ओळखीतल्या एका काकांची प्रीमियर पद्मिनी. रिंग-पिस्टन, व्हॉल्व्ह, हेडचं काम असं सगळं झालं. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, प्लगला करंट यायचा, पेट्रोल यायचं. पण गाडी पकडायची नाही. मधूनच कार्बोरेटरमधून फाट्‌कन आवाज. सगळ्यांचा संशय एकच, पार्ट उल्हासनगरहून आणले होते! (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद या पट्ट्यात जन्माला आलेल्या प्रत्येकाला पाठ असतो.) दुसरा कॉइल, दुसरे पॉइंट आणले, फरक शून्य. दोन महिने गाडी तशीच उभी. भंगारवाला येऊन भावही सांगून गेला आणि घरातली तरुण मंडळी विकायच्या बाजूची झाली.

आता तो फाट्‌ आवाज म्हणजे खरं तर गाडीने दिलेली एरर होती. फोर स्ट्रोक इंजिनात एक चक्र पुरं व्हायला क्रँक दोनदा फिरतो, आणि डिलको, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, एकदाच. त्यामुळे पुलीवरची टायमिंगची खूण एका चक्रात दोनदा जुळते. एकदा पहिल्या सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल दाबलं जातं तेव्हा, आणि एकदा जळका धूर बाहेर जाऊन संपतो तेव्हा. दुसऱ्या वेळेला खूण बघून डिलको बसवला, तर करंट जोरदार येतो पण बरोबर उलट्या वेळी. आत जाळायला काही नसतं, इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो, आणि जे काही पेटतं ते कार्बोरेटरमधून बाहेर येतं.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. कॉइलची वायर काढून ठेवायची, पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा धरायचा आणि कुणालातरी इंजिन हाताने सावकाश फिरवायला सांगायचं. हवा अंगठ्याला ढकलते तो दाबाचा स्ट्रोक. तिथे पुलीची खूण जुळवून डिलकोची टोपी उघडायची. रोटरचं तोंड पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे हवं. काकांच्या गाडीत ते चौथ्याकडे होतं. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे टोपीत पहिल्याच्या बरोबर समोर चौथा! बदलापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हे अर्ध्या तासात शोधलं. त्यांची उमेदीची वर्षं टॅक्स्यांखाली गेलेली. पार्ट सगळे चांगले निघाले, उल्हासनगरचेसुद्धा.

टायमिंग बरोबर असेल तर पुढे बघा. इंजिनची अर्थची पट्टी परत लावली का, का रंगावरच कसली? टॅपेट फार आवळले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि दाबच तयार होत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून टाका. आताचं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, आणि पद्मिनीच्या पंपाचं जुनं रबर त्यासाठी बनलेलं नाही.

मला खरी काळजी त्या मिस्त्रींसारख्या माणसांची आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २००३ मध्ये. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. टॅक्सी होती तोवर रोज कुठेतरी एखादी पद्मिनी उघडली जायची, शिकणाऱ्या पोरांचे हात त्यावर बसायचे. आता नवीन पोराला टायमिंग शिकायला गाडी कुठून मिळणार? म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी अंगठ्याची ही परीक्षा स्वतः शिकून घ्यावी, आणि काम चालू असताना गॅरेजमध्ये उभं राहावं. मिस्त्री वैतागेल. वैतागू दे.

आणि गाडी चालू झाली की आधी ऑइल प्रेशर बघा. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर दामटू नका, काटई-बदलापूर रस्ता रिकामा मिळाला तरी. मिळत नाही म्हणा.