मध्यरात्रीच्या उतारूचे काय?

आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि मुंबईचे एक जुने न्यून बऱ्याच अंशी भरून निघाले. ३३.५ किलोमीटरांच्या या मार्गावर २७ स्थानके असून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांसाठी स्वतंत्र स्थानके आहेत. विमानातून उतरलेला प्रवासी आता रस्त्यावरील खोळंबा टाळून, टॅक्सीच्या मानाने अल्प भाड्यात, थेट चर्चगेट गाठू शकतो. ज्या नगरीने १८५३ साली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यापर्यंत नेली, तिला या सोयीसाठी २०२५ सालापर्यंत थांबावे लागले, हे भूषणावह नव्हे. तथापि उशिरा का होईना काम झाले, याबद्दल ते करणाऱ्या अभियंत्यांचे व कामगारांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

परंतु विमानांचे वेळापत्रक आणि मेट्रोचे वेळापत्रक यांची गाठ अद्याप पडलेली नाही. मेट्रोची अखेरची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि सकाळी सहाच्या सुमारास सेवा पुन्हा सुरू होते. नेमक्या याच अवधीत परदेशची अनेक विमाने येथे येतात व येथून निघतात. युरोपातील कित्येक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांना निर्बंध आहेत. त्यांच्या सोयीची वेळ ती आपली मध्यरात्र ठरते. लोकलही मध्यरात्रीनंतर काही तास विसावते.

विमानाने जाणारा तो धनिकच, हा समज केव्हाच कालबाह्य झाला आहे. आखातात वर्षानुवर्षे घाम गाळून रत्नागिरीकडे परतणारा कामगार अपरात्री बाहेर येतो, तेव्हा त्याला पहाटेच्या गाडीसाठी दादर अथवा पनवेल गाठावयाचे असते. विमानतळावर सफाई करणारे, सामान वाहणारे आणि पहारा देणारे तर रोजच रात्रपाळीला येतात. त्यांनी काय करावे? मागेल ते भाडे द्यावे किंवा उजाडेपर्यंत बाकावर बसून राहावे?

रात्री रूळ व तारा तपासाव्या लागतात, हे आम्ही जाणतो. कोपनहेगनची मेट्रो विमानतळापर्यंत रात्रभर धावते. मुंबईने उद्याच तसे करावे, असा आमचा हट्ट नाही. आमची मागणी साधी आहे. मेट्रो बंद असताना दर अर्ध्या तासाने एक बस दोन्ही टर्मिनलांवरून वांद्रे व दादरमार्गे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, आणि दुसरी पनवेलकडे सुटावी. तिची वेळ व भाडे दाराशीच मराठीत ठळकपणे लिहिलेले असावे. दिवसा जी बस वाहनांच्या गर्दीत रुतून बसते, तीच रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून सहज धावेल. यासाठी नवे भुयार खणावयाचे नाही की नवा पूल बांधावयाचा नाही.

अडचण पैशाची नाही, जबाबदारीची आहे. विमानतळ एकाचा, मेट्रो दुसऱ्याची, बस तिसऱ्याची. उतारू मात्र कोणाचाच नाही! राज्य शासनाने या तिघांना एकत्र बसवून हे काम एकाच्या माथी निश्चित करावे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत. तेथे तरी हा धडा आरंभीच गिरवला जावा. विमानतळाची थोरवी त्याच्या झगमगाटावरून ठरत नाही. रात्री दोन वाजता उतरलेला सामान्य माणूस निर्धास्तपणे घरी पोहोचतो की नाही, हीच तिची खरी कसोटी आहे.