साप म्हणू नये धाकला?

मंडळी, आपल्याकडे एक म्हण आहे: 'साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला.' उत्तरार्धावर वाद घालायचा तर स्नेहसंमेलनाची एक अख्खी संध्याकाळ लागेल, म्हणून तो भगिनीवर्गाकडे सोपवतो. पूर्वार्धाशी मात्र आज मला भांडायचंय. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या ओल्या, धुक्याच्या जंगलांत एक साप राहतो. तो धाकलाही आहे आणि बापडाही.

त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव ॲट्रॅक्टस. इक्वेडोरमध्ये त्याला स्पॅनिशमध्ये 'कुलेब्रा तिएर्रेरा' म्हणतात, म्हणजे सरळ 'मातीतला साप'. बहुतेक जाती जेमतेम हातभर लांब. डोकं मानेइतकंच अरुंद, डोळे बारीक, अंग गुळगुळीत. मुक्काम पालापाचोळ्याखाली, कुजक्या ओंडक्याखाली नाहीतर मातीतच. खाणं मुख्यतः गांडुळं. विषाची बाधा होणं सोडाच, हातात घेतला तरी सहसा चावतसुद्धा नाही.

पनामापासून अर्जेंटिनापर्यंत या वंशाच्या दीडशेच्या आसपास जाती आहेत. जगात सापांच्या दुसऱ्या कुठल्याही वंशात इतक्या नाहीत! हा प्राणी फार लांब जात नाही. मधे एखादी खोल दरी आली की अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. हजारो पिढ्यांनी दोन्हीकडचे वेगळे होतात. ओळखायचे कसे, तर पोटाखालचे, शेपटीखालचे, ओठांवरचे खवले मोजून. चिकाटीचं काम! कित्येक जाती तर संग्रहालयातल्या एकदोन नमुन्यांवरूनच ठाऊक आहेत.

यांचा एक नातेवाईक आपल्या इथेही आहे बरं का. अमेरिकेच्या पूर्व भागात बागेतला दगड उलटला की कधीकधी करड्या अंगाचा, गळ्यात पिवळी कंठी घातलेला चिमुकला साप दिसतो. तो रिंगनेक, त्याच मोठ्या कुळातला. सह्याद्रीतला खापरखवल्या मात्र नात्याने दूरचा. पण धंदा तोच, मातीत राहून गांडुळं खाण्याचा. आणि पावसात रस्त्यावर येऊन गाडीखाली चिरडलं जाण्याचं नशीबही तेच.

इक्वेडोरमध्ये 2022 साली आलेहान्द्रो आर्तेआगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वंशातल्या तीन नव्या जाती जाहीर केल्या. त्या सापडल्या कुठे? एक एका छोट्या गावाच्या दफनभूमीत, थडग्यांजवळच्या मऊ मातीत. बाकीच्या दोन, एक जुन्या चर्चजवळ आणि एक छोट्या शाळेत. गंमत वाटते खरी, पण कारण गमतीचं नाही. आजूबाजूचं जंगल तुटत गेलं, तसा हा प्राणी माणसांच्या वस्तीत, जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्याही, आसरा शोधू लागला. आणि वस्तीत साप दिसला की काय होतं, ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. धाकला की थोरला, हे विचारायला कोण थांबतो?

त्या तिघांतल्या एकाची, 'ॲट्रॅक्टस झेडगॅप'ची, कथा मला फार आवडली. एल चाको गावात एक शिक्षक 2013 साली राहायला आले. रस्त्यावर मेलेले साप त्यांना सारखे दिसायचे, कुणी कोयत्याने तोडलेले, कुणी दगडाने ठेचलेले. आपण नाक दाबून पुढे गेलो असतो. या गुरुजींनी ते उचलले आणि अल्कोहोलच्या बरण्यांत घालून जपून ठेवले. त्यांच्या घरच्यांचं यावर काय म्हणणं होतं, ते कुठे छापून आलेलं नाही! पुढे शास्त्रज्ञांनी याच बरण्यांतले साप तपासले आणि त्यांच्या आधाराने नव्या जातीला नाव मिळालं. म्हणजे गाव जे मारून टाकत होतं, त्याला तोवर शास्त्रात नावदेखील नव्हतं.

गुरुजी वर्षानुवर्षं मुलांशी सापांबद्दल बोलत राहिले. मुलं घरी जाऊन आईबापांना सांगू लागली. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे, साप दिसला की तिथले लोक अजूनही बिचकतात. पण आता त्याचा मान राखतात.