मुक्तकांचा संघ

परवा संध्याकाळी उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिराजवळच्या टपरीवर चहा घेत असता आमच्या एका प्राध्यापकमित्राने सहज विचारले, "काय सर, तुमच्या महाराष्ट्राचं यंदा काय?" प्रश्न रणजी करंडकातील महाराष्ट्र संघाविषयी होता आणि त्यात खवचटपणा नव्हता. तरीही 'तुमच्या' हा शब्द आम्हांला टोचला. प्रश्न विचारणारा लातूरचा, उत्तर देणारे आम्ही छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, दोघेही महाराष्ट्राचेच. मग हा संघ त्याचा का नाही? घरी परतल्यावरही हे षष्ठी विभक्तीचे कोडे सुटेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्रिकेटवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या संघाच्या इतिहासातच आहे. महाराष्ट्राने रणजी करंडक आजवर दोनदाच जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ या सलग दोन हंगामांत. आणि दोन्ही वेळी कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापक. १९४० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. विजय हजारे हे त्यांच्याच संघातले. सकाळी काव्यशास्त्र आणि दुपारी क्षेत्ररचना अशी विद्येची ही जोडी आपल्याकडे पुन्हा दिसली नाही. आणि तो करंडकही महाराष्ट्राकडे पुन्हा आला नाही.

देवधरांच्या विषयातीलच एक जोडी या संघाला लावून पाहण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. संस्कृत काव्यशास्त्र मुक्तक आणि प्रबंध असा भेद करते. मुक्तक स्वयंपूर्ण असते. मागच्या-पुढच्या श्लोकावाचून त्याचा रस अडत नाही. प्रबंधाला मात्र संधी सांभाळावे लागतात, आरंभ केलेले कार्य फळापर्यंत न्यावे लागते. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की देवधरांनंतरच्या ऐंशीहून अधिक वर्षांत महाराष्ट्राने अप्रतिम मुक्तके रचली, पण प्रबंध एकही पुरा केला नाही.

पुरावा हवा असल्यास पाहा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोहोचले. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या. विश्रांतीच्या वेळी प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि डाव तेथेच थांबला. निंबाळकरांना कसोटी सामना एकही मिळाला नाही. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभंग ५९४ धावा जोडल्या. हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यासाठी १९४६-४७ मध्ये केलेली ५७७ धावांची भागीदारी त्यामुळे मागे पडली. (हा रणजी विक्रम नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या जोडीने ६०६ धावा करून मोडला.) एवढे करून दिल्लीचा तो सामना अनिर्णित राहिला आणि त्या हंगामात महाराष्ट्र उपांत्यपूर्व फेरीतही पोहोचला नाही. अमरूच्या एकेका श्लोकात प्रबंधाचे बळ असते असे आनंदवर्धन मानतो, हे खरे. परंतु करंडक देणारे मंडळ आनंदवर्धनाचे वाचक नसते; ते गुण मोजते.

अंतिम सामन्यांची कथाही निराळी नाही. १९७०-७१ मध्ये गावसकर, वाडेकर, सरदेसाई वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतानाही सुधीर नाईकांच्या मुंबईने महाराष्ट्राला हरवले. १९९२-९३ मध्ये लुधियान्याला पंजाबने आपला पहिला करंडक आमच्याविरुद्धच जिंकला. आणि २०१३-१४ मध्ये हैदराबादला कर्नाटकाने सात गडी राखून मात केली.

या शेवटच्या हंगामापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या पिढीने पाहिलेला तो प्रबंधाच्या सर्वांत जवळचा प्रयत्न होता. जानेवारी २०१४ मधली उपांत्यपूर्व लढत वानखेडेवर, गतविजेत्या मुंबईशी. पहिल्या डावात मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. कोणीही शहाण्या माणसाने अशा वेळी रेडिओ बंद केला असता. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत कोसळली आणि २५२ चे लक्ष्य महाराष्ट्राने केवळ दोन गडी गमावून गाठले. केदार जाधवचे शतक आणि त्याच्या सोबतीला विजय झोल, जालन्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. ज्याने २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत नाबाद ४५१ धावा केल्या होत्या आणि काही आठवड्यांनी जो युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणार होता, तोच हा. त्या हंगामात जाधवने १२२३ धावा काढल्या. त्या संघात एकाचे काम दुसऱ्याच्या हाती सुपूर्द होत होते. गोलंदाजांनी उघडलेल्या दारातून फलंदाज आत जात होते. प्रबंधातील संधी म्हणतात ते हेच.

त्यानंतर काय झाले? आमच्या मते व्यवस्थापनाने त्या हंगामाला एक सुखद अपघात समजून फाइलबंद केले. त्यापुढील वर्षांत कर्णधारपद रोहित मोटवानी, केदार जाधव, अंकित बावणे, ऋतुराज गायकवाड अशा हातांतून फिरत राहिले. चांगला खेळाडू भारतीय संघाकडे जाणार, हे मान्यच. त्यासाठी कोणास दोष देता येत नाही, उलट अभिमानच वाटतो. परंतु जो अर्धा हंगाम नसणार हे आधीच ठाऊक असते, त्याच्याभोवती संघाची बांधणी करायची आणि तो गेला की उरलेल्यांना 'सांभाळून घ्या' म्हणायचे, याला योजना म्हणत नाहीत.

जानेवारी २०२३ मधील ब्रेबोर्नवरची मुंबईविरुद्धची साखळी लढत आठवा. दोन्ही संघांचा पहिला डाव ३८४ वर संपला. एका धावेचीही आघाडी कोणाला मिळाली नाही, आघाडीचे गुण कोणाच्याच पदरी पडले नाहीत, आणि बाद फेरीचे दार दोघांनाही बंद झाले. मुंबईने पुढच्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, आपला बेचाळिसावा करंडक जिंकून ती हळहळ पुसून टाकली. आमच्या वाट्याला ती एक धाव अजूनही उरली आहे.

आता बावणेविषयी. तो पैठणचा, म्हणजे ज्या नाथांच्या नावाच्या रंगमंदिराजवळ आम्ही चहा पितो त्यांच्या गावचा. २००७-०८ च्या हंगामापासून, पंधरा वर्षांचा असल्यापासून, तो या संघासाठी धावा करीत आला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेनादलाविरुद्ध गहुंजे येथे पंचांनी त्याला स्लिपमधील झेलावर बाद दिले. चेंडू क्षेत्ररक्षकापुढे टप्पा पडून गेला, असे चित्रफितीत दिसत होते. पण तेथे तिसऱ्या पंचांकडे दाद मागण्याची सोय नव्हती. बावणे मैदान सोडीना. खेळ काही मिनिटे खोळंबला, आणि पुढे त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकला बडोद्याविरुद्ध संघ त्याच्याशिवाय खेळला. तो सामना महाराष्ट्राने मोठ्या फरकाने जिंकला. हंगाम मात्र पुन्हा साखळीतच संपला.

बावणेचे चुकले, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. पंचाचा निर्णय चुकीचा असला तरी तो निर्णयच असतो. या शिस्तीवर खेळ उभा आहे. नाथांच्या चरित्रातील शांतिब्रह्माची कथा तर आपण सारे शिकवतो. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावरही न रागावता गोदावरीवर पुन्हा पुन्हा स्नानास जाणारे नाथ. ती कथा शिकवणाऱ्या आम्हांला मात्र त्या दिवशी बावणेचाच राग आपला वाटला, हे कबूल केले पाहिजे. सतरा वर्षे एका संघासाठी खेळून कसोटीची टोपी न मिळालेला माणूस खेळपट्टीवर उभा राहून 'मी बाद नाही' म्हणतो, तेव्हा ते वाक्य केवळ त्या एका झेलापुरते राहत नाही. निदान मराठवाड्यातील श्रोत्याच्या कानी ते तसे पडत नाही.

कारण आमच्याकडे 'अनुशेष' हा शब्द मुले बाराखडीनंतर लगेच शिकतात. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. क्रिकेटच्या अनुशेषाची समिती कोणी नेमली नाही, आणि नेमू नये. पण नावे तर मोजता येतात. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला एक कसोटी खेळला, एकच. बीडचा संजय बांगर नावारूपास आला तो रेल्वेकडून. जालन्याचा झोल, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, पैठणचा बावणे. म्हणजे गुणांची वाण नाही. वाण आहे ती अंतर कमी करणाऱ्या इच्छेची. महाराष्ट्राच्या संघाचे हृदय पुण्यात, आणि त्याचे मैदान पुण्यापलीकडे द्रुतगती मार्गावर. आमच्या मुलाला तेथवर जायला अडीचशे किलोमीटर पडतात. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामात आमच्या शहराच्या नावाचाही एक संघ होता, छत्रपती संभाजी किंग्ज. आनंद झाला. पण सारे सामने गहुंजेलाच. आमचे नाव तेथे खेळत होते आणि आम्ही येथे दूरदर्शन संचासमोर बसून ते पाहत होतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग विदर्भासारखा सवतासुभा मांडा. आमच्या टपरीवर हे मत जोरकसपणे मांडणारे दोघे-तिघे आहेत, आणि त्यांच्या हाती चांगला दाखला आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन करंडक जिंकले. एका प्रशिक्षकावर, चंद्रकांत पंडितांवर, विश्वास टाकला. वसीम जाफरसारखा जाणता बाहेरून आणला, पण त्याच्याभोवती फैज फजलसारखी घरची माणसे उभी केली. हे सारे खरे. तरीही आम्ही स्वतंत्र मराठवाड्याच्या बाजूचे नाही. एका राज्याला तीन संघटना कशाला, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ या तिघांचे मताधिकार कसेबसे टिकले. चौथ्याला जागा कोण देणार? पण हे व्यवहाराचे कारण झाले. खरे कारण दुसरे आहे. विदर्भाने स्वतःचे नाव घेतले आणि त्या नावाला शोभेल असे केले. 'महाराष्ट्र' हे नाव ज्यांनी घेतले त्यांना त्या नावाचा हिशेब मागण्याचा आमचा हक्क आम्ही वेगळे होऊन का सोडावा?

२०२५ च्या हंगामाआधी मुंबईचा पृथ्वी शॉ आणि अनुभवी जलज सक्सेना यांना महाराष्ट्राने आपलेसे केले. ऑक्टोबरमध्ये शॉने चंदीगडविरुद्ध द्विशतक ठोकले. आम्हीही टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना आमचा विरोध नाही. एवढेच म्हणायचे, की हे आणखी एक देखणे मुक्तक झाले. उसन्या श्लोकांनी सुभाषितसंग्रह होतो, महाकाव्य होत नाही.

आमच्या मागण्या फार नाहीत. हंगामभर उपलब्ध असेल असाच कर्णधार निवडावा आणि त्याला निदान तीन वर्षे द्यावीत. प्रशिक्षकालाही तितकीच. घरचे सामने सोलापूरला, नाशिकला नेले जातात तसे मराठवाड्यातही नेमाने आणावेत. जालन्याच्या मुलाने चार दिवसांचा सामना उन्हात बसून पाहिल्याखेरीज त्याला चार दिवसांची भूक कशी लागेल? आणि हंगाम संपल्यावर काय चुकले, याचा एक प्रांजळ अहवाल चाहत्यांसमोर ठेवावा. विद्यार्थ्याला आपण उत्तरपत्रिका पाहू देतो. चाहत्याला तेवढाही अधिकार नसावा?

यांपैकी काही होईल अशी भाबडी आशा आम्ही बाळगत नाही. तरी ऑक्टोबर उजाडला की आम्ही वेळापत्रक उघडतो आणि प्रतिस्पर्ध्यांची नावे वाचण्याआधी मैदानांच्या रकान्यावरून बोट फिरवतो. हा खुळेपणा असेल. पण आमच्या लातूरच्या मित्राला आम्ही टपरीवर उत्तर दिले नव्हते, ते येथे देऊन ठेवतो: सर, हा संघ तुमचाही आहे. म्हणूनच त्याच्या हरण्याचा जाब तुम्हीही विचारला पाहिजे.