विमानाचा टायर केवढा असावा?

"चाचा, विमान एवढंसं आणि टायर ट्रॅक्टरसारखे का?" अलास्कातला एक व्हिडिओ दाखवत पुतण्याने विचारलं. साहेबजादे सध्या जाड टायरच्या सायकलसाठी हट्ट धरून बसले आहेत, म्हणून टायरकडे लक्ष जास्त! प्रश्न मात्र चांगला होता.

अलास्का हे अमेरिकेचं सर्वांत मोठं राज्य. तिथल्या कितीतरी वस्त्यांना रस्ताच नाही. राजधानी जुनोसुद्धा बाहेरच्या रस्त्यांशी जोडलेली नाही. म्हणून किराणा, औषधं, टपाल, माणसं, सारं विमानाने किंवा बोटीने येतं. छोटी विमानं नदीतल्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यावर किंवा टुंड्राच्या मऊ, उंचसखल जमिनीवरही उतरतात. १९४९ पासून बनू लागलेलं पायपर सुपर कब हे त्यांतलं लाडकं विमान. दोन माणसांचं, भरून सुमारे ८०० किलोचं.

अशा जागी लहान, कडक चाक खड्ड्यात अडकतं किंवा रुततं आणि विमान नाकावर पडतं. उंटाचा पाय वाळूत का रुतत नाही? तळवा पसरट असतो म्हणून. मोठ्या टायरचंही तसंच. त्यात हवा कमी ठेवतात, अगदी ८-१० पौंडसुद्धा. हवा २४ पौंडांवरून ८ वर आणली, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण तिप्पट होतो आणि भार पसरतो. मऊ टायर दगडावरून दबून जातो. शिवाय विमान उंच उभं राहिल्याने पंखा दगडांपासून दूर राहतो.

मग सगळ्यांनी सर्वांत मोठाच टायर का बसवू नये? टायर २६, २९, ३१, ३५ इंचांपर्यंत मिळतात, पण प्रत्येक पायरीची किंमत मोजावी लागते, आणि ती फक्त पैशांची नसते. टायरचं वजन वाढलं की तेवढं सामान कमी न्यावं लागतं. हवेचा अडथळा वाढून वेग घटतो, म्हणजे त्याच इंधनात पल्ला कमी. चाक मोठं झालं की जुना ब्रेक कमी पडतो, कधी ब्रेकही बदलावे लागतात. शेपटीकडे छोटं चाक असलेल्या या विमानाचं नाक आणखी वर जातं, त्यामुळे जमिनीवर चालवताना समोरचं कमी दिसतं. मऊ रबर डांबरी धावपट्टीवर लवकर झिजतं, आणि आडव्या वाऱ्यात तिथे उतरताना विमान सांभाळणं अवघड जातं. आणि मनाला येईल तो टायर बसवता येत नाही. अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याची त्या विमानासाठी मंजुरी लागते.

म्हणून जाणता वैमानिक आधी स्वतःला विचारतो: वर्षभरात मी खरोखर कुठे उतरतो? बहुतेक वेळा डांबरावर किंवा बऱ्या मुरमाच्या पट्टीवर उतरणाऱ्याला मूळ चाकाहून एखादी पायरी मोठा टायर पुरतो. मोठे गोटे आणि मऊ टुंड्रा हेच रोजचं काम असेल, तर २९ किंवा ३१ इंचांचा खर्च सार्थकी लागतो.

एक धोका मात्र टायरने टळत नाही. टायर जमीन मऊ करून देतो, पट्टी लांब करून देत नाही. "आता कुठेही उतरू शकतो" अशी घमेंड चढली, की आखूड जागी उतरण्याचा मोह होतो. म्हणून अनुभवी वैमानिक नव्या जागेवरून आधी घिरट्या घालतात, इंजिनाचा जोर कायम ठेवून चाकं नुसती टेकवून पाहतात आणि पुन्हा उठतात. जमीन पसंत पडली तरच उतरतात, नाहीतर परत फिरतात. विमान उतरवण्याइतकंच, परत फिरणंही जमावं लागतं.

पुतण्याने सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, "आता सांगा, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता कसा आहे?"

"डांबरी," तो हळूच म्हणाला. मग हसला. "पण चाचा, मैदानातून जवळ पडतं!"

वकिली चांगली करेल पोरगा.